शेजारच्या खताची पुडी

माझ्या हातात कुणी फुकट काही ठेवलं की मी आधी ते उलटून बघते. ही खोड जन्माची नाही, लागलेली आहे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मोठ्या जावेनं मला हिरव्या काठाचं लुगडं नेसवलं, जवळ बसवून पोटभर जेवू घातलं, आणि त्याच दुपारी तिच्या नवऱ्यानं, म्हणजे भासऱ्यांनी, आमच्या ह्यांचा कागदावर अंगठा घेतला. लाखांदूरकडच्या आमच्या भातशेतीच्या, धानाच्या बांध्या तशा गेल्या. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की माझे कान उभे राहतात. भिलाईत आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा बाकीच्या बाया दाराला तोरणं बांधत होत्या आणि मी भिंती ठोकून बघत होते.

भिंती बऱ्या निघाल्या. खोट निघाली ती मागच्या अंगणात. कॉलनी उठवताना बुलडोझरनं वरची सगळी माती खरवडून नेली होती. उरला होता लाल मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे वाळलेले गोळे. आमच्याकडे कन्हार, मोरांड, सिहार अशा मातीच्या जाती असतात, चिमटीत घेतली की कळतं कोणती आहे. ही कोणत्या जातीत बसवावी तेच कळेना. जवळच्या जुनवानी गावाहून शेण विकायला येणारी दुर्गा अंगण पाहून हसली. "ये तो भाठा हे दाई, इहां कांदी घलो नइ जामय," म्हणाली. म्हणजे हा नुसता खडकाळ माळ, इथं गवतसुद्धा उगवायचं नाही. मला राग आला. मी तिचं शेण घेतलं, पण टोपली हलवून तिच्यात खाली माती भरलेली नाही ना, ते बघूनच घेतलं.

मी भेदरं लावली, म्हणजे टमाटर. दोन वाफे वांगी, चार मिरच्या. रोपं धरली, वीतभर झाली आणि तिथंच थांबली. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. आणि तारेच्या पलीकडे, त्याच मुरमात, देवीदासची भेदरं कमरेएवढी, काळीभोर हिरवी.

देवीदास आणि त्याची बायको हिरा आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. तो नागपूरच्या अजनीकडचा, रेल्वेवाल्यांचा पोरगा. प्लांटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या कारखान्यात, दगडी कोळसा भाजतात त्या कोक ओव्हनकडे कामाला होता, वर्ष होत आलं होतं, अजून पक्का झाला नव्हता. आमचे हे, केवलराम, लोखंडाच्या भट्टीवर खलासी, म्हणजे ओझी उचलणारे मजूर. दोघं एकाच सायकलच्या रांगेत जायचे, पण ह्यांचं त्याच्याशी फारसं जमलं नाही. "लय हासते थो," हे म्हणायचे. ह्यांच्या लेखी तेवढं पुरे होतं.

मला तर रोज शंका येई. एकच जमीन, एकच नळ, मग त्याचं हिरवं आणि माझं पिवळं कसं? कुठंतरी पाणी मुरत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली. तो खड्डे खणून त्यात पालापाचोळा भरायचा, वर शेण, वर माती, आणि ओलं पोतं झाकायचा. ते ठीक होतं. पण आठ-पंधरा दिवसांनी तो डब्यात काहीतरी विरघळवून झाडांना पाजायचा आणि पाजताना इकडंतिकडं बघायचा. एकदा तर मला वाटलं, त्यानं मधली तार आमच्या बाजूला सरकवली असणार. मी भर दुपारी विती टाकून अंगण मोजलं. तार जागेवर होती. हिरानं मला मोजताना पाहिलं आणि ती आत गेली.

बासष्ट सालच्या कार्तिकातली गोष्ट. मी वाफ्याशी बसले होते. देवीदास तारेपाशी आला.

"वयनी, तुमची भेदरं पिवळी पडून राहिली."

"मले डोये हायेत, भाऊ."

"खालचीच पानं आधी पडली ना? मंग झाड उपाशी हाय. नव्या पानाले पोसाले जुन्या पानातलं काढून घेते थे." त्यानं तारेखालून हात घालून आमच्या वाफ्यातली मूठभर माती उचलली आणि आवळली. मूठ उघडल्याबरोबर ती सगळी भुगा होऊन सांडली. "हे पाहा. ह्या मातीले पोटच नाई. पाणी टाकलं का सरळ खाली जाते, खाल्लेलं अंगी लागत नाई. पालापाचोळा मुरवा, शेण मुरवा. दोन वर्सं लागतीन."

"रेल्वेवाल्याले मातीतलं काय समजते?" मी विचारलं.

तो हसला. "माहा बाप टेसनावर गँगमन व्हता. टेसनाच्या बगिच्याले दरसाल साहेब लोक नंबर देत. गिट्टीत गुलाब लावले हायेत आमी." मग त्यानं खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढून तारेवरून पुढं केली. "दोन वर्सं झाड थांबणार नाई. तवरोक हे द्या. एकेका झाडाले चिमूटभर, बुडापासून चार बोटं दूर, आन् वरून पाणी. पण ह्याच्यात दुसरं काईच मिसळू नोका."

मी पुडी उघडली. आत पांढरे दाणे, जाडसर साखरेसारखे.

"कुठून आणलं?"

"दुर्गच्या बाजारातून," तो म्हणाला आणि लगेच आत गेला.

आता तुम्हीच सांगा. बाजारातून विकत आणलेली वस्तू कुणी शेजारणीला फुकट देतं? बरं, दिली तर दिली, 'दुसरं काही मिसळू नका' हे वर कशाला? त्यात असं काय होतं की त्याला माझी राख चालणार नव्हती? आमच्या माहेरी नियम होता. परकं बी असो की परकं खत, राख आणि चुना चोळल्याशिवाय ते आपल्या मातीत जाऊ द्यायचं नाही. किडा असेल तर मरतो आणि कुणाची नजर असेल तर उतरते. माझी माय तसंच करायची, तिची मायही तसंच करायची. आणि हा परवाचा माणूस मला सांगतो मिसळू नका.

मी पुडी ह्यांना दाखवली. ह्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"तुलेच कावून देल्ली? मी काय मेलो व्हतो?"

"मले काय माहीत? तुमी कामावर व्हते."

"थेच तं इचारून राहिलो. मी कामावर असतानाच कावून?"

म्हणजे माझ्या शंकेवर ह्यांची आणखी एक शंका येऊन बसली. दोन दिवस पुडी फडताळात राहिली. तिसऱ्या दिवशी वांग्याची आणखी दोन रोपं माना टाकून पडली, तेव्हा मी म्हटलं, आता देऊनच बघू, पण आपल्या रीतीनं. अर्धी पुडी मी परत बांधून डब्यामागे सरकवून ठेवली. कुणाचीही वस्तू मी एकदम सगळी वापरत नाही.

उरलेली अर्धी मी न्हाणीत घमेल्यात ओतली. वर चुलीची राख, दोन ओंजळी. वर दिवाळीच्या सफेदीतून उरलेला चुना. तांब्याभर पाणी टाकलं आणि हातानं कालवायला बसले. न्हाणीचं दार लोटलेलं होतं, खिडकी म्हणजे वर एक झरोका. आमची पंचफुला, नऊ महिन्यांची, रांगत रांगत माझ्या पाठीशी येऊन बसली होती.

आधी नाकात काहीतरी टोचलं. मग डोळ्यांतून धारा लागल्या, मग घसा असा जळाला की मला ओरडताच येईना. गोठ्यात महिनाभर शेणमूत काढलं नाही तर जी उग्र वाफ येते, तसा वास, पण शंभरपट. मागं पोर एकदा खोकली आणि तिचा आवाजच बंद झाला. तोंड उघडं, श्वास आत जाईना. मी तिला उचलून अंगणात धावले. तिच्या पाठीत मारलं, तोंडावर पाणी मारलं. ती रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आणि पुढच्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "इख देल्लं! देवीदासनं इख देल्लं!"

लोकांनी विष ऐकलं नाही, वास घेतला. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या वस्तीत वासाचं भय फार. गॅस म्हणजे काय ते प्रत्येक घरात माहीत. "गॅस! गॅस!" करत क्वार्टरांची सगळी लाइन रस्त्यावर आली. कुणीतरी सायकल पळवली आणि अर्ध्या तासात प्लांटच्या सिक्युरिटीची जीप येऊन उभी राहिली.

तोवर हे पाळीवरून परत आले होते. ह्यांनी घमेलं मोरीत ओतलं, चार बादल्या पाणी टाकून न्हाणी धुतली आणि मला कोपऱ्यात घेतलं. "राख, चुना, काई सांगू नोको. तू कालवलं म्हणशीन तं आपल्यावर येईन. पुडी थ्यानं देल्ली, बस."

सिक्युरिटीचे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आपने उसमें कुछ मिलाया था?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

ते बोलताना माझी मान खाली गेली नाही, हे मी लपवत नाही. माझ्या पोरीचा श्वास कोंडला होता. माझ्या मनात तो माणूस दोषी ठरलेला होता, मग चुन्याचं काय घेऊन बसायचं?

देवीदासला बोलावलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. साहेबांनी पुडीत काय होतं विचारलं तर तो म्हणाला, "नमक था साब. मोटा नमक. चींटी के लिए." घमेलं धुतलेलं, पुडी वापरून संपली असं ह्यांनी सांगितलेलं. साहेबांच्या हाती काहीच लागलं नाही. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, एवढं देवीदासला सांगून ते गेले.

मीठ! मला त्यानं खत म्हणून सांगितलं आणि साहेबाला मीठ. खोटारडा कुठला. माझी खात्रीच पटली. आणि माझ्यापेक्षा लवकर ती लाइनीतल्या बाकीच्यांची पटली. दोन दिवसांत गोष्ट अशी झाली की देवीदासची नजर माझ्यावर होती, मी भीक घातली नाही म्हणून त्यानं घरालाच विष दिलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण कुणी सांगितलं तेव्हा नाहीही म्हटलं नाही. नळावर हिरा आली की बाया बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. तिच्या पोटात सातवा महिना होता. देवीदास दिवसभर आपल्या अंगणात बसायचा. झाडांना हात लावायचा नाही.

पाचव्या दिवशी त्याची शेवटची पेशी होती. नोकरी राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरायचं होतं. सकाळी हे कामावर गेल्यावर मी डब्यामागची अर्धी पुडी काढली. मनात असं होतं की हे विष आहे याची खूण आपणच बघून ठेवावी, पुढं कुणी विचारलं तर सांगता येईल. पंचफुलाला पुढच्या खोलीत झोपवून दार ओढलं आणि अंगणात उघड्यावर बसले.

एका वाटीत चार दाणे आणि पाणी. वाकून वास घेतला. काही नाही. बोट बुडवून जिभेला लावलं, खारट, कडवट, पण मीठ नव्हे. वाट बघितली. मला काही झालं नाही. दुसऱ्या वाटीत नुसता चुना आणि पाणी. त्यालाही काही वास नाही. मग मी एक वाटी दुसरीत ओतली.

तोच वास भपकन नाकात गेला.

मी दोन्ही वाट्या दूर सारल्या. म्हणजे विष त्यानं दिलं नव्हतं, मी केलं होतं. माझ्या हातानं, माझ्या मायच्या रीतीनं, त्यानं नको म्हटलेलं असताना. माझ्या पोरीचा श्वास मी कोंडला होता आणि भरल्या पोटाच्या बाईला नळावरून हटवलं होतं तेही मीच. मला इतकी लाज वाटली की उठवेना. मीठ असं तो का म्हणाला? घाबरून म्हणाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढं विचार केला नाही. लोखंडाच्या कारखान्यात खतही बनतं, हे मला कोण सांगणार? आमच्या ह्यांनाही भट्टीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. जिथं तिथं शंका घेणारी मी, एकदाच घ्यायला हवी होती तिथं घेतली नाही.

मी पुडी पदराला बांधली, चुना एका डबीत घेतला, पोरीला काखेत मारलं आणि थेट सिक्युरिटीच्या ऑफिसात गेले. बाहेर बाकावर देवीदास बसला होता. मला पाहून उभा राहिला. मी म्हटलं, "बसा भाऊ. आता सुटलेच तुमी." तो काही बोलायच्या आत मी पडद्याआड शिरले.

"साहेब, मी खोटी बोलली व्हती," मी म्हटलं. "चुना मीच कालवला. ह्या माणसाचा काईच कसूर नाई. हे पाहा." आणि त्यांच्या टेबलावर, त्यांच्याच चहाच्या बशीत, मी दाणे ठेवले, चुना टाकला, पाण्याचे चार थेंब सोडले.

साहेब खुर्चीसकट मागं सरकले आणि मग हसायला लागले. "अरे, ये तो अमोनिया है! बस इतनी सी बात?" मीही हसले. पाच दिवसांनी पहिल्यांदा मला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. साहेबांनी पुडी आपल्याकडे ओढली. त्यातले दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरले. हळूहळू त्यांचं हसू थांबलं. त्यांनी फोन उचलला आणि कोक ओव्हनमागच्या, कोळशाच्या गॅसपासून खत बनवतात त्या शेडमधून कुणालातरी बोलावलं. आलेल्या माणसानं दाणे चिमटीत चुरले आणि एवढंच म्हणाला, "हमारा ही है."

मग देवीदासला आत घेतलं.

"ये नमक है?" साहेबांनी विचारलं.

देवीदासनं टेबलावरच्या पुडीकडे पाहिलं. "झाडू का है साब," तो म्हणाला. "बोरी भरते समय फर्श पे गिरता है. सब फेंक देते हैं. मैंने सिर्फ वही उठाया."

"गिरा हुआ भी प्लांट का है. और पाँच दिन पहले तुमने मुझसे झूठ बोला."

देवीदास मान हलवत राहिला. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता. एखादा हिशेब अखेर जुळावा तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

मागाहून कळलं, माझ्या जाण्याच्या आधीच साहेबांनी कागद लिहून ठेवला होता, पुरावा नाही, सोमवारपासून कामावर घ्यावं. तो कागद फाटला. पक्का नसलेल्या माणसाला काढायला फार वेळ लागत नाही. क्वार्टर सोडायला आठ दिवस दिले.

हे घरी आल्यावर ऐकून म्हणाले, "बरं केलं. चांगली अद्दल घडवली." मी म्हटलं, मी त्यांना सोडवायला गेले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून डोळा मिचकावला. नळावर बाया मला वाट करून द्यायला लागल्या. "मनकर्णाबाईनं बरोब्बर पकडून देल्लं," म्हणायच्या. मी कितीदा सांगितलं. जितकं सांगितलं तितक्या त्या जास्त मान हलवत.

सामान नेण्याच्या दिवशी बैलगाडी दाराशी उभी होती. देवीदास पेट्या चढवत होता, हिरा उंबऱ्यावर बसली होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. मनात सगळं जुळवून आणलं होतं, चुना, वाट्या, माझी लाज, सगळं.

"हिरा, मी देवीदासभाऊले सोडवाले गेलती. आईच्यान."

तिनं वर पाहिलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"कोनं पाठवलं व्हतं तुमाले?"

"कोनीच नाई. मी आपल्या मनानं गेलती."

"वयनी," ती म्हणाली, "आपल्या मनानं, कोनी न सांगता, दुसऱ्याचं भलं कराले कोनी साहेबाच्या हापिसात जाते का?"

ती उठली, पोटावर पदर घेतला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी दुर्गच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिच्या रिकाम्या उंबऱ्यापाशी उभी होते. तिच्या जागी मी असते तर माझाही विश्वास बसला नसता.